ऐंशी शिपायांचा सुभा

आदिलाबादच्या भुक्तापुरात राहणाऱ्या गोपाळरावांच्या ताब्यात ऐंशी शिपाई, शंभर-सव्वाशे घोडी, मातीचा एक कोट आणि कधीच पुरी न पडलेली दारू आहे. दारू म्हणजे बंदुकीची. गैरसमज नको, गोपाळराव सुपारीलाही शिवत नाहीत. हा सगळा सरंजाम त्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत, पोस्टकार्डांच्या रूपानं राहतो. गेली अडतीस वर्षं ते त्याची राखण करत आले आणि शेजारच्या एकाही माणसाला याचा थांगपत्ता नाही.

माणूस म्हणाल तर साधा. जिल्हा कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीत, जिला म्हातारी माणसं अजून मुहाफिजखाना म्हणतात, तिथं सारी नोकरी झाली. आजोबा उमरखेडकडून पैनगंगा ओलांडून आले तेव्हापासून घराणं इथलंच. कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि घरात मराठी अशी भाषांची वाटणी ठरलेली. नऊ वर्षांपूर्वी पत्नी रमाबाई गेल्या. त्याआधीच मुलगी यामिनी लग्न होऊन बंगळुरूला गेली होती. घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही. जी काही उरली ती महिन्याला एका कार्डापुरती.

कार्डांची सुरुवात झाली शहाऐंशी साली. गोपाळराव आणि त्यांचा शाळूसोबती माणिकराव जिल्हा ग्रंथालयात रद्दीच्या ढिगाजवळ उभे होते. त्या ढिगात त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं, पुठ्ठा गेलेलं. उत्तर अमेरिकेत स्पेनच्या राजाचा एक सुभा होता, अगदी सरहद्दीवरचा, कंगाल. राखणीला ऐंशी शिपाई. तिन्ही बाजूंनी धाडी, खायला मका, तोही पिकला तर. राजधानी इतकी लांब की मदत मागावी आणि ती येईपर्यंत मागणाऱ्याचं वर्षश्राद्ध व्हावं. दोघांनी पुस्तक उभ्या उभ्या वाचलं आणि शेवटाला आले तर शेवटची साठ-सत्तर पानं वाळवीनं खाल्लेली. सुभा टिकला की बुडाला, कळायला मार्ग नाही. त्याच महिन्यात माणिकराव मंचेरियलच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून रुजू झाले. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाले, "गोप्या, तू सांभाळ लेका तो सुभा. मी बुडवतो."

तेव्हापासून गोपाळराव सुभेदार आणि माणिकराव उरलेलं सगळं. दुष्काळ माणिकराव, देवीची साथ माणिकराव, डोंगरापलीकडून घोड्यांवर येऊन धाड घालणारे लोक माणिकराव, आणि दूर राजधानीत बसून कुठल्याच अर्जावर सही न करणारा बडा लाटसाहेबही माणिकरावच. इकडचा एक महिना म्हणजे तिकडचा एक महिना. महिन्याला दोन कार्डं, एक जायचं, एक यायचं. कार्डाच्या कोपऱ्यात घरची बातमी एक ओळ, जास्त नाही. जमीन मुळात त्या डोंगरापलीकडच्यांची होती, सुभेदारच तिथं उपरा होता, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. कचेरीत जन्म काढलेला माणूस सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघतो, त्याआधी तिथं कोण राहत होतं ते नाही.

पावसाचं तर विचारू नका. तिकडं पाऊस किती पडला हे ठरवायचं कसं? गोपाळरावांनी तोडगा काढला. तहसिलीच्या आवारात पर्जन्यमापक होता. आदिलाबादला जितका पडेल तितका सुभ्यात पडला असं धरायचं. झालं, स्पेनच्या राजाच्या त्या कोरड्या ठक्क मुलखात दर आषाढात नदीला पूर येऊ लागला. मक्याबरोबर ज्वारी आली, कपाशी आली. वीस वर्षांनी माणिकरावांच्या एका पुतण्यानं सांगितलं की त्या भागात गुडघाभर बर्फ पडतो. वीस वर्षं ऐंशी शिपाई एका सदऱ्यावर कोटावर पहारा देत होते आणि एकालाही साधी सर्दी झाली नव्हती. दोघं मित्र महिनाभर विचार करत बसले. शेवटी माणिकरावांचं कार्ड आलं, "बर्फ मंजूर नाही. आपल्या सुभ्यात पडत नाही."

सुभेदार म्हणून गोपाळराव मात्र खमके. शिपाई कमी तर त्यांनी कोटावर बुजगावणी उभी केली, ज्वारीच्या शेतात असतात तशी, डोक्याला टोप्या घालून. तीसच घोडी धड होती तेव्हा तीच घोडी टेकडीमागून तीनदा फिरवून नव्वद दाखवली. दारूगोळ्यासाठी अर्ज केला तर लाटाचं उत्तर यायचं, "चौकशीअंती दिसतं की गेल्या साली दारू दिली होती. ती कोठं गेली?" गोपाळराव लिहीत, "धाडीत उडवली." त्यावर पुढच्या महिन्यात, "उडवण्यापूर्वी मंजुरी घेतली होती काय?" एकदा ऐन टंचाईत लाटानं चाळीस लंगडी घोडी सांभाळायला पाठवली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण गोपाळरावांनी कार्डावर लिहून वर तिचा रीतसर निषेध नोंदवला. कचेरीत त्या दिवशी ते एकटेच हसत बसले होते. तेलुगू साहेबांना वाटलं, बढतीची बातमी आली असावी.

रमाबाई गेल्या त्या महिन्यात कोपऱ्यातल्या ओळीत त्यांनी एवढंच लिहिलं, "रमा गेली." पुढचे तीन महिने सुभ्यावर एकही धाड आली नाही. पाऊस बरा पडला, लाटानं न मागता दारू पाठवली. आधी गोपाळरावांना बरं वाटलं आणि मग राग आला. त्यांनी लिहिलं, "धाड काऊन नाही? मी मेलो नाही अजून." चौथ्या महिन्यात दोनशे स्वार आले आणि अर्धी गुरं घेऊन गेले. गोपाळरावांना त्या रात्री झोप लागली. कोणी आपली कीव करू नये, एवढी एकच चैन त्यांना परवडत होती.

पुढं माणिकरावांचे कान गेले, फोनचा उपयोग राहिला नाही. मग हात थरथरू लागले. तेव्हापासून ते सांगत आणि त्यांच्या पत्नी, विमलबाई, कार्ड लिहून देत. गोल, शाळकरी अक्षर. गोपाळरावांना आधी ते खटकलं, मग सवय झाली. मजकूर तोच होता, माणूस तोच होता.

यंदा भाद्रपदात कार्ड आलं, "या महिन्यात धाड नाही. सगळे आपापल्या घरी आहेत." आश्विनात आलं, "पाऊस उघडला. डोंगरापलीकडं शांत आहे." दोन्ही कार्डांचा कोपरा रिकामा. गोपाळरावांना वाटलं, सांगण्यासारखं काही घडलं नसेल. म्हाताऱ्यांच्या घरात रोज काय घडतं? दिवाळीत यामिनीचा फोन आला की सुट्टी मिळत नाही. गोपाळरावांनी चिवड्याचा डबा शेजारी देऊन टाकला आणि कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, "यामिनी आली नाही."

त्यावर कार्तिकात जे कार्ड आलं ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"डोंगरापलीकडचे लोक आले. हत्यारं नाही. बायका-लेकरं संगं. कातडी, डिंक, सुकं मांस घेऊन वेशीबाहेर बाजार मांडला. मीठ अन् ज्वारी मागून राह्यले. त्यात एक म्हातारी आहे. तिचं आता कोणी नाही. वेशीच्या आत एखाद्या खोलीत राहू द्याल का, असं विचारते. कामाची आहे, भाकरी करते."

गोपाळरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडतीस वर्षांत बाजार? म्हातारी? पोरगी दिवाळीला आली नाही म्हणून मित्रानं दया दाखवली होती, आणि तीही इतकी उघड. रमा गेली तेव्हा निदान गप्प राहिला होता. आता भाकरी करायला बाई पाठवतो काय? कार्ड लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली नाहीत.

"डाव ओळखला. म्हातारी हेर आहे. भर बाजारावर चाल केली. सत्तावीस ठार, बाकी पळाले, माल जप्त. म्हातारीला उघड्यावर हाकलून दिलं. पुन्हा वेशीपाशी दिसली तर गोळी घालण्याचा हुकूम आहे. सुभ्याला कोणाची मेहरबानी नको."

मोठ्या पोस्टात काउंटरवर दामिनी नावाची मुलगी बसते. कार्डं विकत घेणारं गावात आता एकच गिऱ्हाईक आहे हे तिला माहीत आहे. ती म्हणाली, "काका, तुमी नाही आले तर हे गठ्ठे उंदरं खाऊन टाकतीन." गोपाळराव एरवी चार शब्द बोलत. त्या दिवशी कार्ड पेटीत टाकून तडक निघून आले. मन हलकं झालं होतं. चांगली जिरवली, असं ते स्वतःशी दोनदा म्हणाले.

मार्गशीर्षात उत्तर आलं नाही.

आदिलाबादची थंडी म्हणजे काय ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. गोपाळराव कानटोपी घालून रोज अकराच्या सुमारास फाटकाशी उभे राहत. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. मग तो हात हलवायचाही थांबला. पौष उजाडला तरी कार्ड नाही. आधी त्यांना वाटलं, रुसला. मग वाटलं, रुसू दे. मग एका दुपारी जेवताना त्यांच्या लक्षात आलं की दीड महिन्यात आपण दूधवाला, भाजीवाली आणि बँकेतला माणूस सोडून कोणाशी बोललो नाही. तिघांशीही हिंदीतून. ताटातली भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली. संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मंचेरियलची बस धरली.

इंद्रवेल्ली, उटनूर, जन्नारम करत बस चालली होती. नागोबाच्या जत्रेला अजून अवकाश होता, तरी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोपाळराव उभ्यानं मनात वाक्यं जुळवत होते. "अरे, खेळ आहे, इतकं काय मनावर घ्यायचं," असं आधी म्हणावं की त्यानं म्हणायची वाट पाहावी? तो बहिरा, म्हणजे ओरडूनच म्हणावं लागणार. शेजारीपाजारी ऐकतील. या विचारानं त्यांना हसू आलं. अडतीस वर्षांत ते त्या घरी चारदा गेले होते.

दार विमलबाईंनी उघडलं. कपाळ मोकळं होतं.

गोपाळराव उंबऱ्यातच थांबले. आतल्या भिंतीवर माणिकरावांचा फोटो होता, हार सुकलेला. जुळवलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नाही.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. झोपीतच गेले. बसा, भाऊजी."

ते बसले. मनात महिने मोजू लागले. पोळा. म्हणजे भाद्रपदाचं कार्ड, आश्विनाचं, कार्तिकाचं. गोल, शाळकरी अक्षर. विमलबाईंनी पाणी आणून ठेवलं. घरात दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या दिसत होत्या.

"मले कळवलं काऊन नाही, वहिनी?"

"कळवणारच होती. तेरवी झाली, सोयरे गेले, पोरगी वापस नागपूरले गेली. टेबलावर तुमचं कार्ड पडून होतं. म्हटलं, आधी याचं उत्तर देऊ, मंग कळवू. उत्तर दिलं तं तुमचं दुसरं कार्ड आलं. मी आठ दिवस पोस्टमनची वाट पाहून राह्यली होती, भाऊजी. या घरात दुसरं कोण येते?"

"तरी पण..."

"कळवलं असतं तं तुमी एकडाव आले असते. चहा घेतला असता. अन् मंग पुन्हा कार्ड आलं नसतं."

गोपाळरावांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं. त्यांना स्वतःची चांगली ओळख होती. ते आले असते, दहा मिनिटं बसले असते, यामिनीला फोनवर सांगितलं असतं की माणिक गेला, आणि पेटीला कुलूप घातलं असतं. या बाईचा त्यांनी अडतीस वर्षांत कार्डाच्या शेवटी "वहिनींना नमस्कार" यापलीकडे विचार केला नव्हता.

विमलबाई जमिनीकडे बघत बोलत राहिल्या. "धाड कशी घालतात ते मले येत नाही. ते सांगत, मी लिवत होती, इतके मेले, तितके मेले. आपल्याले काय, लिवायचं काम. पण माह्या एकटीवर आलं तवा सुचेच ना. मले बाजाराले जाता येते. म्हणून बाजार लिवला. वाटलं, तुमी विचारसान, काय भाव देता, काय घेता. दोन-चार कार्डं तेवढ्यावर निघतीन."

"अन् ते म्हातारी?"

"ते मीच होती."

त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, रागानं नाही. रागानं बोलल्या असत्या तर गोपाळरावांना सोपं गेलं असतं. "उघड्यावर हाकलून दिलं", "गोळी घालण्याचा हुकूम". हे शब्द ज्या हातानं लिहिले तो हात त्यांनी धोतराच्या सोग्याखाली घेतला. रमाबाई गेल्या तेव्हाही ते माणसांदेखत रडले नव्हते. आता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांना आवरता येईना. विमलबाईंनी तिकडं बघितलं नाही. उठून चहा ठेवला.

"ते कार्ड रद्द धरा वहिनी," चहा समोर आल्यावर ते म्हणाले. "मी चाल मागं घेतो. मले वाटलं तो माही कीव करून राह्यला."

"पोस्टात पडलेलं कार्ड कोठं रद्द होते?" त्या म्हणाल्या. "अन् कीव नव्हती ते. मले खोली पाहिजे होती." मग म्हणाल्या, "पोरगी, सुवर्णा, नागपूरले नेऊन राह्यली मले. या महिन्याच्या शेवटी. हे घर सोडून देऊ."

"मंग पत्ता द्या तिथचा. मी लिवतो."

"पाठवते," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी तिळाचे चार लाडू कागदात बांधून दिले. बसमध्ये गोपाळरावांनी ते मांडीवर धरून ठेवले होते, उटनूरपर्यंत त्यांना पुडी सोडायचंही सुचलं नाही. परतल्यावर नवी कार्डं घ्यायला पोस्टात गेले तेव्हा दामिनीला त्यांनी सांगितलं की मंचेरियलचं घर आता सुटणार.

माघात कार्ड आलं. गोपाळरावांनी पोस्टमनच्या हातातून ते जवळजवळ ओढून घेतलं आणि फाटकाशीच वाचलं.

"डोंगरापलीकडचे लोक राहुट्या उचलून गेले. कोठं गेले ते सांगून गेले नाही. म्हातारीही त्यांच्या संगं गेली. आता इकडं कोणी येणार नाही. धाड नाही, बाजार नाही. सुभा सुखरूप आहे."

कार्ड त्यांनी उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कोपऱ्यात बघितलं. नागपूरचा पत्ता नव्हता. विमलबाई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. माणिकरावांचा फोन लावून पाहिला, तो बंद होता.

गोपाळराव आत येऊन बसले. ज्यासाठी अडतीस वर्षं जिवाचं रान केलं ते झालं होतं. सुभा टिकला होता. एकही शत्रू उरला नव्हता, कोट शाबूत होता, ऐंशी शिपाई जागेवर होते आणि त्यांच्याकडे चालून येईल असं आता जगात कोणी नव्हतं. ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. दिवाही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड लिहिलं. या वेळी वेळ लागला. तीन कार्डं फाडली, चौथं ठेवलं.

"वेशीचे दोन्ही दरवाजे काढून टाकले. ऐंशीच्या ऐंशी शिपाई हत्यारं ठेवून म्हातारीला शोधायला पाठवले. कोटावर कोणी नाही. आतली चांगली खोली झाडून ठेवली आहे. चुकलो."

पत्त्याच्या जागी मंचेरियलचंच घर घातलं, दुसरं ठाऊक नव्हतं. एका बाजूला स्वतःचं नाव आणि भुक्तापूरचा पत्ता नीट लिहिला. मोठ्या पोस्टात गेले. दामिनीनं शिक्का मारण्याआधी कार्ड सवयीनं बघितलं.

"काका, मागच्या बारी तुमीच म्हटलं ना, तिथचे लोक घर सोडून चालले? मंग तिथं हाये कोण?"

"कोणी नाही."

"मंग वापस येईन ना हे."

"येऊ दे," गोपाळराव म्हणाले. "घरी कार्ड तं येईन."